जाऊबाईंचा लेक पालथा पडला, माझी लेक अजून नाही

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी २३ वर्षांची आहे. माहेर परभणी शहरात, सासर हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यात, नवरा वाळूजला कंपनीत. बाळंतपणाची तारीख १४ डिसेंबर होती. सोयाबीन काढणीच्या दिवसांत शेतातून घरी आल्यावर रात्री पाणी गेलं आणि १२ ऑक्टोबरला ३१ आठवड्यांची, १ किलो ४०० ग्रॅम वजनाची मुलगी झाली. महिनाभर नवजात कक्षात राहून लेकरू घरी आलं. तेव्हापासून दोघी माहेरीच आहेत. मुलगी आता पाच महिन्यांची आहे, अंगावरच पिते, वजन ४ किलो ८०० ग्रॅम. सासरी जाऊबाईंना ऑक्टोबरच्या अखेरीस पूर्ण दिवसांचा मुलगा झाला. संक्रांतीच्या बोरन्हाणात दोन्ही लेकरं शेजारी शेजारी घेतली आणि तेव्हापासून तुलना सुरू झाली. तो आता पालथा पडतो, त्याचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर येतात. ही अजून मानही पक्की धरत नाही. अंगणवाडीच्या तक्त्यावर ‘कमी वजन’ आलं. सासूबाई म्हणतात वरचं दूध आणि गुटी चालू कर. लेखिका बाळाला कुणाला हात लावू देत नाही, रात्री उठून नाकापुढे बोट धरून श्वास बघते. तिचे प्रश्न: मी शेतात गेले म्हणून हे झालं का? पोरगी मंद निघेल का? पाडव्यानंतर सासरी बोलावतात, जाऊ की वर्षभर माहेरीच राहू? आणि चैत्रातल्या यात्रेत कुलदैवतापुढे जावळ काढायचं म्हणतात, काढू का?

पत्रात तू मला मावशी म्हटलंस, तेव्हा अहो-जाहो न करता लिहिते. चार पानांचं पत्र आहे. त्यात पालथं पडण्यावर दीड पान आहे, सासूबाईंच्या बोलण्यावर एक. आणि तिसऱ्या पानाच्या मध्यावर, घाईत लिहिल्यासारखी एक ओळ आहे: ‘डोळ्याच्या डॉक्टरांनी दोन आठवड्यांनी परत बोलावलं होतं, पण भावाचं लग्न निघालं आणि राहून गेलं.’ मी तिथूनच सुरुवात करते. बाकी सगळं थांबू शकतं, हे थांबू शकत नाही.

डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या आईच्या पोटात अगदी शेवटच्या आठवड्यांपर्यंत वाढत असतात. लेकरू लवकर बाहेर आलं की त्यांची वाढ अर्ध्यावर राहते आणि काही लेकरांत त्या वेड्यावाकड्या वाढू लागतात. पडदा ओढला जाऊन सुटला तर नजर कायमची जाते. बाहेरून बघणाऱ्या आईला, आजीला, अगदी आशाताईलाही यातलं काही दिसत नाही. डोळा टपोरा, काळाभोर, छान दिसतो. म्हणून २ किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या प्रत्येक लेकराचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायचा असा नियम आहे. २८ आठवड्यांआधीचं किंवा १२०० ग्रॅमच्या आतलं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. आणि एकदा तपासून भागत नाही, पडदा पूर्ण तयार झाला असं डॉक्टर सांगेपर्यंत परत परत जायचं असतं. उपचार लागला तर तो दोन-तीन दिवसांत करावा लागतो, म्हणूनच ते ‘दोन आठवड्यांनी या’ असं मोजून सांगतात.

तुझ्या मुलीचा सगळ्यात धोक्याचा काळ मागे पडला आहे. ती तुझ्या तोंडाकडे बघून हसते, तुझा लाल पदर हलला की डोळे त्याच्यामागे जातात, असं तूच लिहिलंस. ही चांगली खूण आहे. पण एक डोळा बरा आणि एक अधू असला तरी लेकरू असंच हसतं. तेव्हा याच आठवड्यात, घरी आल्यापासून ट्रंकेत ठेवलेलं ते डिस्चार्ज कार्ड काढ आणि जिल्हा रुग्णालयात जा. तिथे डीईआयसी नावाचा विभाग विचार, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी बघणारं केंद्र. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, २०१३ पासून, जिल्हा पातळीवर ही केंद्रं उभी केली आहेत आणि तिथे पैसे लागत नाहीत. पडद्याचे डॉक्टर तिथे नसतील तर ते नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला चिठ्ठी देतील. तपासणीच्या वेळी बाहुली मोठी करायला थेंब टाकतात, लेकरू रडतं, पुढे काही तास उजेड सहन होत नाही. त्याने घाबरून जाऊ नकोस. त्याच फेरीत कानाचंही विचार. नवजात कक्षात राहिलेल्या लेकरांना बेरा नावाची तपासणी लागते. दार वाजल्यावर दचकते म्हणजे ऐकू येतं, एवढ्यावर समाधान मानू नये.

आता तुझं दीड पान. जाऊबाईंचा मुलगा कागदावर तुझ्या मुलीपेक्षा पंधरा-वीस दिवसांनी लहान आहे. पण तुझी मुलगी खरं तर १४ डिसेंबरला यायची होती. वाढ बघताना तिचं वय त्या तारखेपासून मोजायचं. डॉक्टर त्याला करेक्टेड एज म्हणतात. तसं मोजलं तर ती आज तीन महिन्यांची आहे आणि तो साडेचार. म्हणजे तो तिच्यापेक्षा दीड महिन्याने मोठा झाला! त्याने पालथं पडावं आणि तिने पडू नये, यात नवल काय? तीन महिन्यांचं कुठलं लेकरू पालथं पडतं?

अंगणवाडीच्या तक्त्याचंही तेच. मुलींच्या वाढीच्या तक्त्यात पाच महिन्यांना ५ किलो ४०० च्या खाली गेलं की कमी वजन धरतात, तीन महिन्यांना ही रेघ साडेचार किलोवर आहे. तुझी ४ किलो ८००. जन्मतारखेवर बसवली की ती रेघेखाली, बाळंतपणाच्या दिलेल्या तारखेवर बसवली की रेघेच्या वर. अंगणवाडीताईंनी चूक केली असं मी म्हणत नाही, त्यांच्यापुढे जन्मतारखेचाच रकाना असतो. तू त्यांना डिस्चार्ज कार्डावरचे आठवडे दाखव आणि कार्डावर दुसरी तारीखही लिहून घे. मात्र रेघेवर आहे म्हणून निवांत राहू नकोस. आता वजन आठवड्याला शंभर-दीडशे ग्रॅमने चढत राहायला हवं. एकाच काट्यावर, कपडे काढून, पंधरा दिवसांतून एकदा बघ. रोज बघितलंस तर लघवी-शीच्या फरकाने तुझाच जीव टांगणीला लागेल.

कॅलेंडरवर पेन्सिलीने थोड्या खुणा करून ठेव. एप्रिलच्या मध्यापर्यंत मान पक्की धरायला हवी आणि मुठी बऱ्याच वेळ उघड्या राहायला हव्यात. पालथं पडणं जूनच्या आसपास. आधाराशिवाय बसणं सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. या तारखा उलटून महिनाभर गेला, किंवा पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढून ताठ राहत असतील, एकच हात चालत असेल, लेकरू अगदीच लुळं किंवा धनुष्यासारखं मागे ताणलेलं वाटलं, तर ‘होईल हळूहळू’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस, थेट त्या केंद्रात जा. ही दुरुस्त केलेली वयाची मोजणी दोन वर्षांपर्यंत चालते.

मंद निघेल का, असं तू विचारलंस. सरळ सांगते. ३१ आठवड्यांच्या बहुतेक लेकरांची वाढ पुढे इतरांसारखीच होते. काहींना हातापायांच्या ताठरपणाची, काहींना ऐकण्या-बघण्याची, काहींना शाळेत एका जागी लक्ष लावण्याची अडचण येते. तुझी लेक कुठल्या गटात, हे पाच महिन्यांवर कुणीही सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. जे हातात आहे ते लवकर ओळखणं. दिवसातून चार-पाच वेळा, ती जागी असताना, पोटभर पाजल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, जमिनीवर गोधडी टाकून तिला पोटावर ठेव आणि तिच्यासमोर तोंड करून तू आडवी हो. सुरुवातीला दोन मिनिटांत कुरकुरेल. चालेल. मान यातूनच पक्की होते. झोपवताना मात्र नेहमी पाठीवर, उशी न देता. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात ती आता नकोच.

जन्मतारीख कुठे धरायची? लसीला. इथे उलटं आहे आणि इथेच तुमच्या घरात घोळ झाला आहे. दीड महिन्याचे डोस झाले, पुढचे ‘लेकरू कमजोर आहे, ताप सोसणार नाही, अंग धरू दे मग बघू’ म्हणून राहिले, असं तू लिहितेस. कमजोर आहे म्हणूनच तिला लस वेळेवर लागते. डांग्या खोकला आणि न्यूमोनिया अशा लेकरांना सगळ्यात जास्त छळतात. दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस राहिले असतील तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, जिथे थांबलं तिथून पुढे चार चार आठवड्यांच्या अंतराने देतात. ताप आला तर काय द्यायचं ते सिस्टर वजन बघून सांगतील.

लोहाचे थेंब तू शी काळी होते म्हणून बंद केलेस. शी काळी होणारच, ते औषध तसंच आहे. आईकडून बाळाला लोहाचा साठा मिळतो तो मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, आणि तुझ्या लेकीच्या वाट्याला त्यातले नऊ आठवडे आलेच नाहीत. म्हणून वर्षभर थेंब द्यावे लागतात, वजनाच्या दर किलोमागे रोज २ ते ४ मिलिग्रॅम. दीड-दोन किलोची असताना लिहून दिलेला डोस आज पुरणार नाही, तो वाढवून घे. ड जीवनसत्त्व रोज ४०० युनिट. बाटली बदलली की लेबल वाच. काही कंपन्यांच्या एका मिलिलिटरमध्ये ४०० असतात, काहींच्यात ८००.

ज्वारीच्या फडावर पाखरं हाकलत उभं राहावं आणि मागच्या बांधाने डुकरं शिरावीत, तशी ही काळजी झाली आहे. तू राखण मन लावून केलीस गं, पण डोळा, लस, लोह हा मागचा बांध उघडा राहिला.

शेतात गेले म्हणून झालं का? तुझ्या कार्डावर पाणी लवकर गेल्याची नोंद आहे. पाणी लवकर जाण्यामागे कधी आतला संसर्ग असतो, कधी रक्तदाब, कधी अंगात रक्त कमी, कधी जुळं, आणि बऱ्याचदा कारण सापडतच नाही. जड कामाचा आणि लवकर बाळंतपणाचा थोडा संबंध आहे, हे खरं. पण ‘त्या दिवशी गेले म्हणून त्या रात्री झालं’ असा दोरा कुठलाही डॉक्टर जोडू शकत नाही. २०२० साली जगात १ कोटी ३४ लाखांच्या आसपास लेकरं वेळेआधी जन्मली, त्यातली ३० लाख आपल्या देशात. त्यांच्या आया काही सगळ्या सोयाबीन काढत नव्हत्या. आणि समजा कामाचाच भाग असला, तर सातव्या महिन्यातल्या सुनेला काढणीला का न्यावं लागलं, मजूर का मिळाले नाहीत, पावसाने पीक कुजायला आलं होतं का, हे सगळ्या घराने मिळून बघायचं. एकट्या तुझ्या गळ्यात ते बांधून घेऊ नकोस. एक मात्र लक्षात ठेव: एकदा लवकर बाळंतपण झालं की पुढच्या वेळीही तसं होण्याची शक्यता वाढते. म्हणून ‘लगेच दुसरं होऊ द्या, मुलगा होईल’ या घाईला निदान दोन वर्षं दाद देऊ नकोस, आणि पुढे दिवस राहिले की पहिल्याच भेटीत डॉक्टरांना ही हकीकत सांग.

जाता जाता: तुमच्या शेजारच्या म्हाताऱ्या म्हणाल्या की ‘सातव्यातलं म्हणून जगलं, आठव्यातलं जगत नसतं.’ हे मी नोकरीभर ऐकलं. आठव्या महिन्यातलं लेकरू सातव्यातल्यापेक्षा जास्तच तयार असतं, पोटातला प्रत्येक आठवडा फायद्याचा. आठवा लागला म्हणून कळा सुरू झाल्यावरही घरीच बसून राहणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता सासूबाई. तू लिहितेस, त्यांचं पहिलं मूल सव्वा महिन्याच्या आतच गेलं होतं. एका ओळीत लिहिलंस आणि पुढे गेलीस. मला वाटतं, गुटीचा, वरच्या दुधाचा, धुरीचा त्यांचा हट्ट तिथून येतो. त्यांना तुझ्याइतकीच भीती वाटते, फक्त त्यांच्या हाती सहाण आणि वेखंड आहे आणि तुझ्या हाती डॉक्टरांची चिठ्ठी. तुम्ही दोघी एकाच लेकराला दोन बाजूंनी ओढताय.

गुटी द्यायची नाही, यावर मी तुझ्याच बाजूने आहे. सहाण, पाणी, बोट, यातलं काय स्वच्छ असेल ते सांगता येत नाही, आणि हिच्या आतड्यांना त्याची गरज नाही. मध नको, साखरपाणी नको, म्हशीचं दूध वर्षभर नको. काजळ डोळ्यांत नको. तीट लावायची तर तळपायाला लावा. शेगडी आणि धुरी तर बिलकूल नको, हिची फुप्फुसं लवकर बाहेर आलेली आहेत. दृष्ट काढा की, पण मीठ-मोहऱ्या चुलीत टाकताना लेकरू दुसऱ्या खोलीत असू दे, आणि सासऱ्यांची बिडी अंगणात. दूध पुरतं का, हे ओल्या लंगोटांवरून कळतं. दिवसात सहा-सात वेळा भरपूर लघवी होते आणि वजन चढतंय, म्हणजे पुरतं.

पण नुसत्या ‘नको’ने घर चालत नाही. सासूबाईंना काम दे. रोजची तेलमालिश त्यांच्याकडे दे: खोबरेल, हलका हात, कानात-नाकात थेंब नाही, टाळूवर जोर नाही, पाय धरून उलटं करायचं नाही. पोरीचं अंग त्यांच्या मांडीवर सैल पडलेलं एकदा त्यांनी पाहू दे, मग बघ. लोहाचे थेंब वाटी-चमच्याने पाजणं हेही त्यांच्याकडेच दे. ज्या बाईच्या हातात औषधाची बाटली आणि वेळ पाळण्याचा मान आहे, ती सहाण आपोआप बाजूला ठेवते. हे मी अनेक घरांत पाहिलंय. डोळ्यांच्या तपासणीलाही त्यांना सोबत बोलाव. तू सांगितलेलं आणि डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघून सांगितलेलं, यात फरक पडतो. तो पडू नये खरं तर, पण पडतो.

हेच मी नुकतंच घरी आलेलं दीड-दोन किलोचं लेकरू असलेल्या इतर घरांनाही सांगते. कांगारू पद्धत, म्हणजे लेकराला फक्त लंगोट-टोपी घालून उघड्या छातीशी धरून ठेवायचं, ही १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, कारण तिथे पेट्याच कमी होत्या. ती फक्त आईनेच करावी असं काही नाही. दिवसात कमीत कमी आठ तास आणि जमेल तितकं जास्त धरायचं, तर बाप, आजी, मावशी सगळे लागतात. हात साबणाने धुतलेले, सर्दी-खोकला नसलेला, एवढी अट पुरे. तुझी मुलगी आता त्यातून बाहेर आली, पण तिच्या बापाने तिला अजून नीट घेतलं नाही, ‘हातातून निसटेल’ म्हणतो, हे वाचून मला वाईट वाटलं. पुढच्या सुट्टीत आला की अंघोळ त्याच्याच हातून होऊ दे. फोनवर नुसतं ‘वजन किती’ विचारून बाप होता येत नाही.

माहेर की सासर? तुझ्या पत्रात गृहीत आहे की परभणीत दवाखाना जवळ म्हणून लेकरू सुरक्षित, आणि खेड्यात धोका. थोडं तपासून बघू. माहेरी दोन खोल्या, वर पत्रा. आई सकाळी आठला मेसच्या स्वयंपाकाला जाते ती चारला येते. भाऊ-भावजय नवीन. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो, पत्र्याखाली दुपारी काय होतं ते तुला माहीत आहे. त्या पत्र्याखाली तू आणि ती, दोघीच. सासरी जुनं माळवद आहे, असं तू बोरन्हाणाच्या वर्णनात लिहिलंस. दुपारी माळवदाच्या घरातला गारवा कूलरला मागे टाकतो. माणसं आहेत, गावात आशाताई आहे, उपकेंद्रात सिस्टर आहेत. उलट बाजूला चूल आहे, पाण्याचा टँकर आहे, आणि जिल्ह्याचा दवाखाना एसटीने दीड तासावर.

माझं मत विचारशील तर पाडव्यालाच जाऊ नकोस. आधी परभणीतूनच डोळे, कान, राहिलेली पहिली लस, रक्ताची तपासणी आणि जांघेत फुगवटा आहे का हे बघून घे. लवकर जन्मलेल्यांत हर्निया बराच असतो. दोन-तीन आठवड्यांत हे उरकेल. मग सासरी जा, फाईल घेऊन, आणि जाण्याआधी नवऱ्याकडून तीन गोष्टी ठरवून घे. स्वयंपाक गॅसवर, पाणी तापवायची चूल बाहेर. हात धुवायला एक वेगळा भरलेला ड्रम आणि साबण, टँकर आला नाही तरी त्याला हात लावायचा नाही. आणि रात्री अडचण आली तर गाडी कुणाची, त्याचा नंबर भिंतीवर लिहिलेला. १०८ आहेच, पण खेड्यात रस्ता सांगण्यात वेळ जातो. सरकारी दवाखान्यात वर्षाच्या आतल्या आजारी लेकराचे उपचार आणि नेणं-आणणं जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू दे, म्हणजे पैशाच्या विचारात रात्र जाणार नाही. सासरी नाहीच पटलं तर परत यायला माहेर आहे, आणि तसं दोन्हीकडे आधीच बोलून ठेव.

उन्हाळ्याचं दोन शब्दांत: पातळ सुती झबलं, कुंची-मोजे काढून टाक, कूलरचा झोत अंगावर नको, प्रवास पहाटेच्या गाडीने. पाणी पाजायचं नाही, तहान लागली तर जास्त वेळा अंगावर घे. काखेत ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट ठीक. उन्हाने अंग तापलं असं वाटलं तर कपडे काढून गार खोलीत अर्धा तास पाज. तरी १००.४ च्या वर राहिलं तर दवाखाना.

आणि केव्हा धावायचं: पिणं सोडलं, हाक मारूनही सुस्त, छातीला खड्डा पडतोय, मिनिटाला पन्नासच्या वर श्वास, मधेच श्वास थांबून ओठ निळे, झटके, उन्हाळ्यातही अंग गार. यातलं एक दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही.

उष्टावणाची घाईही होईल, कारण १२ एप्रिलला जन्माचे सहा महिने भरतात. भारतातल्या एका अभ्यासात, जो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या लेकरांना दिलेल्या तारखेपासून चार महिन्यांना आणि सहा महिन्यांना वरचं अन्न सुरू करून पाहिलं. वर्षभराने वजनात फरक नव्हता, पण चार महिनेवाल्यांना दवाखान्यात जास्त वेळा भरती करावं लागलं. तेव्हा मृगाच्या सुमाराला, मान पक्की आणि आधाराने बसायला लागली की, मुगाच्या डाळीची मऊ खिचडी तूप घालून, ज्वारीच्या पिठाची घट्टसर लापशी. चमच्यातून वाहणारं वरणाचं पाणी नको, त्यात नुसतं पोट भरतं.

राहिलीस तू. चार महिने रात्रीतून सात-आठ वेळा उठून श्वास बघणं, व्हिडिओ आला की रडणं, कुणी मांडीवर घेतलं की छाती धडधडणं. नवजात कक्षाच्या दाराबाहेर महिना काढलेल्या बाईला हे होऊ शकतं, आणि त्याला औषधोपचार आहे. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. डोळ्यांच्या तपासणीला जाशील त्या दिवशी तुझ्या स्वतःच्या झोपेचंही डॉक्टरांना सांग, आणि तुझं हिमोग्लोबिनही बघून घे. रात्री एक पाळी आईला दे. जाऊबाईंना वाटलं तर लिही, ‘व्हिडिओ सध्या नको, मला त्रास होतो.’ त्या वाईट बाई वाटत नाहीत.

जावळ. चैत्रातल्या यात्रेत नको. ऊन, धूळ, गर्दी, खोकणारी माणसं, पिण्याच्या पाण्याची बोंब. पुढच्या वर्षी किंवा तिसऱ्या वर्षी काढतात की लोक, कुलदैवत कुठं जात नाही. वाढदिवसाचं मात्र विचारतेस म्हणून सांगते, तो १२ ऑक्टोबरलाच करा. त्या दिवशी ती चालणार नाही, धरून उभी राहिली तरी खूप झालं, हे बोलावणं करतानाच पाहुण्यांना सांगून ठेव. आणि पुढे जावळ काढाल तेव्हा मामाला सांग, न्हाव्याला वस्तऱ्यात नवं पातं घालायला लाव.